तांडेल खाडीपलीकडे

रत्नागिरी
९ जानेवारी २०२५

ती. दमाआत्यास,
दिशाचा सा. न. वि. वि.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. आपला बोका तांडेल रुसून मुद्दाम गादीवर मुततो, असं मी तुला लिहिलं होतं. ते खरं नाही. तो आजारी आहे. शाळेत जायच्या आधी पडवीत बसवून तूच मला लिहायला शिकवलंस आणि तेव्हाच सांगितलंस, की चुकलेलं लपवायचं नाही, त्यावर रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं. म्हणून हे पहिल्यांदा.

झालं असं. सोमवारी तो वाळूच्या टबात बराच वेळ बसून राहिला आणि जेमतेम दोन थेंब आले, तेही गुलाबी. मग ओरडायला लागला. मी रजा टाकली, त्याला मासळीच्या हाऱ्यात घातलं, वरून तुझं जुनं लुगडं बांधलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं. लघवीत खडे धरलेत म्हणाल्या. बोक्याची लघवीची वाट फार बारीक असते, ती पुरती अडली तर एक-दोन दिवसांत अंगात विष भिनून जीव जातो. गुंगीचं औषध देऊन, नळी घालून त्यांनी वाट मोकळी केली. शिवाय वयाने मूत्रपिंडं थकली आहेत, म्हणजे आता जन्मभर सांभाळून राहायचं.

गादीवर का जातो, तेही मी विचारलं. टबात बसलं की दुखायचं, म्हणून त्याने टबाचाच धसका घेतला. गादी मऊ, तिथे दुखणार नाही असं त्याला वाटायचं. त्यात टबाची कड उंच आणि ह्याचे गुडघे गेलेले. त्यात तो टब आपण ठेवला होता वॉशिंग मशीनशेजारी. आत्या, इतके दिवस मी त्याच्यावर ओरडत होते. घरी आल्यावर टबाची एक बाजू सुरीने कापून ठेंगणी केली आणि टब पडवीच्या शांत कोपऱ्यात नेला. काल तो आपला आपण त्यात गेला.

खारा बांगडा, सुकट, सगळं बंद. आपण लाडाने घालत होतो तेच त्याला बाधत होतं. आता बिनमिठाचं माशाचं पाणी आणि सकाळ-संध्याकाळ गोळी. आई म्हणते, तुझे बाबा सहा महिने बोटीवर काय खातात ते कुणी विचारत नाही, आणि बोक्याचं पथ्य बघा.

सर्वेशदादासाठी तू आणलेल्या स्थळाची माणसं सव्वीस जानेवारीला यायची आहेत. आईला वासाची धास्ती आहे. मी गाद्या धुऊन उन्हात घातल्यात. मला याच महिन्यात कोल्हापूरला कामाचं प्रशिक्षण आहे, तेवढे दिवस गोळ्या दादाने द्यायच्या असं ठरलंय. फोनवर तुला ऐकू येत असतं तर हे सगळं रोज सांगितलं असतं. तांडेल हे नाव तूच ठेवलंस, त्यामुळे त्याची खबर तुला द्यायलाच हवी.

माझ्यावर आहे तेवढा लोभ थोडा त्याच्यावरही असू दे.

तुझी,
दिशा

*

वेळणेश्वर
१४ जानेवारी २०२५

चि. दिशास,
अनेक आशीर्वाद.

तिळगूळ घे आणि गोड बोल. गोड लिहीही म्हणते, कारण तुझ्या पत्राला सगळा मुताचा वास. माझ्या सुनेने, सुजयच्या बायकोने, वाचायला मागितलं, मी दिलं नाही. तिला चौथा महिना, आधीच कशानेही मळमळतं.

तुझ्या आजोबांना हाच त्रास होता. गोखरूचा काढा पीत आणि रात्रभर देवाला शिव्या घालत. त्यांना वैद्यसुद्धा बघायला आला नाही, आणि बोक्याला डॉक्टरीण. चेष्टा करते गो, रागावू नको. भिंतीवर बसून होडीच्या कप्तानासारखा सगळ्या घराला हुकूम सोडायचा, म्हणून मी त्याला तांडेल म्हटलं. आता तांडेलाची होडी मोडकळीला आली. चौदा वर्षं म्हणजे मांजराच्या म्हातारपणाचीही पुढची अवस्था.

आमच्या लहानपणी घर घाण करणारं मांजर पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडत. पाणी ओलांडून मांजर परत येत नाही. मारल्याचं पाप नको आणि रोजची कटकटही नको, असं आजोबा म्हणत. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

सानिका मुलगी गुणी आहे, पण तिचे मामा फार चिकित्सक. उंबऱ्यातच नाक वर करतील. स्थळ मी आणलंय, तेव्हा शब्द मला लागेल. तुझी आई भिडस्त आहे, तिला काही सुचत नाही. तू कोल्हापूरला नेमकी कधी जातेस आणि कधी परत येतेस ते कार्डाने कळव. तू नसताना घराकडे माझं लक्ष राहील.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी,
आत्या

*

रत्नागिरी
२८ जानेवारी २०२५

ती. दमाआत्यास,
सा. न. वि. वि.

तारखा कळवल्या होत्या त्याप्रमाणे मी वीसला गेले आणि पंचवीसला संध्याकाळी आले. चपला काढायच्या आधी पडवीत डोकावले. टब धुऊन उपडा ठेवलेला होता. आई म्हणाली, तांडेल बुधवारी सकाळी आपण होऊन कुठेतरी गेला, तो आलाच नाही. माझा जीव तिथे लागणार नाही म्हणून फोनवर सांगितलं नाही.

शनिवारी रात्रीपर्यंत आणि काल दिवसभर मी आणि दादा त्याला शोधत होतो. जेटीवर, ओढून ठेवलेल्या होड्यांखाली, विहिरीच्या मागे, अगदी आरे-वारेच्या रस्त्यापर्यंत स्कूटरने गेलो. दादाही माझ्याबरोबर हाका मारत होता. त्याचा आवाज बसला.

मध्ये सव्वीसला पाहुणे येऊन गेले. घर चकचकीत होतं, मामांनी नाक वर केलं नाही. सगळं छान चाललेलं असताना सानिकाने विचारलं की तांडेल कुठे आहे. दादाने तिला मोबाइलवर त्याचे फोटो पाठवले होते म्हणे आणि तिला त्यालाच बघायचं होतं. दादा खाली मान घालून चहा ढवळत बसला. साखर विरघळून केव्हाच गेली असेल. शेवटी आई म्हणाली की बाहेर गेलाय.

मला एक कळत नाही. गोळ्यांच्या पट्टीतल्या मंगळवारपर्यंतच्या गोळ्या बरोबर गेल्यात, म्हणजे दादाने कसूर केली नाही. मग इतकं नीट चाललेलं असताना, ज्याला पायरी उतरवत नाही असा प्राणी कंपाउंडाबाहेर गेला कसा? हाराही दिसत नाही. आई म्हणते, आवाडाबाई मासळी घेऊन आली होती, तिला दिला. मी आवाडाबाईला विचारलं नाही. प्रत्येकाची उलटतपासणी घेते, असं घरात माझं नाव झालंय.

तू मांजरं खूप पाहिलीस. असं जातात का गं ती? तू सांगितलंस तर मी मानीन.

लोभ आहे, तो या दिवसांत जरा जास्त दे.

तुझी,
दिशा

*

वेळणेश्वर
३ फेब्रुवारी २०२५

चि. दिशास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण विचारलंस म्हणून सांगते. तो आपण होऊन गेला. म्हातारं मांजर असंच करतं, आपलं मरण घराला दाखवत नाही. त्यात कुणाचा दोष नाही. तुझ्या आईला आणि सर्वेशला आता प्रश्न विचारत बसू नको. लग्नघर आहे.

तू त्याचं केलंस तेवढं माणसाचं कुणी करत नाही. पण बाय माझे, तो काय सुखात होता? पुढच्या पायावरचे केस काढून गोल चट्टा केलेला, अंगावर हात फिरवला तर नुसती हाडं. अशा जिवाला धरून ठेवण्यात आपलाच हट्ट असतो.

सानिकाच्या घरून होकार आला. साखरपुडा फाल्गुनात धरू. तुला कोणता रंग हवा ते लिही, मी गुहागरला जाणार आहे तेव्हा साडी बघते.

जीव लहान करू नको. तुझ्यावरची माझी माया तुला ठाऊक आहे.

तुझी,
आत्या

*

रत्नागिरी
७ फेब्रुवारी २०२५

ती. दमाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं.

पुढच्या पायावरचा चट्टा मी तुला कधी लिहिला नव्हता. सलाइन लावायला डॉक्टरीणबाईंनी ते केस काढले पंधरा तारखेला, त्याला पुन्हा नेलं तेव्हा. माझं पत्र नऊ तारखेचं. नंतरच्या कार्डावर फक्त तारखा होत्या आणि अठ्ठावीसच्या पत्रात पायाचा विषय नव्हता. तरी आधी मला वाटलं, मी लिहिलं असेन आणि विसरले असेन. तुझ्यावर संशय घेण्यापेक्षा मला ते सोपं वाटलं.

मग पत्र घेऊन आईकडे गेले. ती कोळंबी सोलत होती. मी ती ओळ वाचून दाखवली. ती सोलतच राहिली, आणि हात न थांबवता म्हणाली की वन्संना पत्र लिहायची हौस फार. त्यानंतर तिने सगळं सांगितलं. सुजयच्या फोनवरून तुझा निरोप आला. बुधवारी सकाळी दादाने त्याला हाऱ्यात घालून जयगडला नेलं. फेरीबोटीत तो पूर्ण वेळ ओरडत होता आणि लोक वळून बघत होते. खाडीपलीकडे तवसाळच्या धक्क्यावर तू सुजयच्या रिक्षात बसून होतीस. तुझंच लुगडं तू बाजूला केलंस, त्याच्या अंगावरून हात फिरवलास आणि पायाला काय झालं म्हणून विचारलंस. त्याने तुला ओळखलं, असं दादा म्हणतो. तुझ्या हातात डोकं घातलं. दादाने तुझ्या हातापाया पडून त्याला वेळणेश्वरला न्यायला सांगितलं. घरात गरोदर बाई आहे, मांजर नको, म्हणालीस. मग जिथे मासळी वाळत घालतात तिथली जागा तूच दाखवलीस. आईची समजूत तू अशी घातलीस, की मासळीच्या बंदरावर मांजराला काय कमी.

आत्या, तिथे वाळते ती खारी मासळी. त्याला काय चालत नाही ते मी घरातल्यांखेरीज एकट्या तुलाच लिहिलं होतं.

आईचं मला कळतं. बाबा बोटीवर, मुलाचं लग्न, ती घाबरली. दादाला खोटं धड बोलताही येत नाही. पण हाका मारताना तो माझ्या शेजारी होता, ते मी विसरणार नाही. तुझं मात्र कळत नाही. थेंब कधी येतात, कुठे दुखतं, मी घरात कोणत्या दिवशी नाही, हे सगळं मी तुला लिहिलं, तारखा तर तूच विचारल्यास. घराकडे लक्ष राहील म्हणालीस. मला धीर आला होता.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. गोळ्या आणि पथ्य सुटलं असेल तर वाट पुन्हा अडू शकते, म्हणजे तो कदाचित नसेलही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण असला तर कितीही उशीर झाला तरी थांबते म्हणाल्या. नसला, तर त्याला कुणी पाहिलं आणि कुठे टाकलं, एवढं तरी मी विचारून येईन. सानिकालाही मी खरं काय ते कळवलं. तिला विचारलेल्याचं उत्तर मिळायला हवं होतं. तिने फक्त एवढंच लिहिलं की सापडला तर तिला फोटो पाठवावा.

मांजर पाणी ओलांडून परत येत नाही हे खरं असेल. मला ओलांडता येतं. दादा जागा दाखवायला बरोबर येतोय. हाका मी एकटीच मारणार आहे.

हे पत्र टपालात टाकत नाही. मागे आणलं तसंच तुला धक्क्यावर आणायला सुजयला सांगितलंय. बोटीतून उतरल्यावर पत्र तुझ्या हातात देईन. तुला ऐकू येत नाही, आणि हे सगळं चारचौघांत ओरडून सांगावं असं मला वाटत नाही. तू वाचत बस, तोवर मी त्याला शोधते.

तुझं तीन तारखेचं पत्रही बरोबर आणते, आणि पेन. तो आपण होऊन गेला, या ओळीवर रेघ मार आणि शेजारी बरोबर लिही. साडीच्या रंगाचं त्यानंतर बघू.

लोभ असावा, असं दर पत्रात मागत आले. या पत्रात मागत नाही.

उद्या, शनिवार, ८ फेब्रुवारी, जयगडहून सुटणारी पहिली बोट.

दिशा