शेवटची चौकट

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. खिडकीचं तावदान अखेर बसवलं. धाकटीचा खोकला गेला. तुझी धाप कमी आहे का?

काल वहिनीचा फोन आला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, तर तू म्हणालास, "आधी पहारेकरी उठू दे, मग मला झोपवा." वॉर्डातले सगळे हसले म्हणे. वहिनी हसली नाही. "तो खरंच संमतीच्या कागदावर सही करत नाहीये गं," म्हणाली.

फोनवर मला हे सांगणं जमणार नाही. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा काहीतरी रचेन.

आपलं ठरलं होतं. दवाखान्यात कंटाळतोस म्हणून लॅपटॉपवर आपला जुना गेम तू खेळायचास. उत्तरांचं पुस्तक माझ्याकडे; त्यात प्रत्येक प्रश्नाखाली न दिसणाऱ्या शाईत छापलेल्या सूचनांच्या चौकटी. तू अडलास की विचारायचंस. मी त्या प्रश्नाखालची एकच कोरी चौकट त्या खास पेनाने घासायची आणि अक्षरं उमटतील ती तुला सांगायची. पुढच्या चौकटींना हात लावायचा नाही.

लहानपणी कीबोर्ड तुझ्याकडे असायचा, मी शेजारच्या स्टुलावर. "चिमे, मध्ये बोलू नकोस." आता तूच मला विचारत होतास. ते मला फार आवडलं. इतकं, की तू न विचारलेला एक प्रश्न मी घासला: किल्ल्याच्या पहारेकऱ्याला जागं कसं करायचं? पहिल्या चौकटीत आलं, त्याला भूक लागली असेल. किल्ल्यात कुठेतरी एक पहारेकरी झोपलेला असणार, तो पावाच्या वासाने उठेल, असं स्वतःला सुचल्यासारखं मी तुला सांगितलं. तू ओरडलास, "चिमे, काय डोकं आहे गं तुझं!"

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या चौकटी घासल्या. शेवटच्या चौकटीत होतं: या गेममध्ये पहारेकरीच नाही. गरज नसताना डोकावणाऱ्यांना फसवण्यासाठी हा प्रश्न छापला आहे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू रोज फोन करू लागला होतास. त्याआधी आपण महिनोन्महिने बोलत नव्हतो. तू विचारलंस, पाव कुठे ठेवू? मी म्हटलं, विहिरीपाशी. मग म्हटलं, तळघरात. पुस्तकात यातलं काही नाही. तू पलंगावर बसून नकाशे काढत होतास आणि मी तुला नुसती फिरवत होते.

सही कर, दादा. पहारेकऱ्यासाठी थांबू नकोस. तो कुठेच नाही.

पुस्तक आणि पेन वहिनीकडे देते आहे. ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर असेन. तू बोलावलंस तरच आत येईन. माझ्यावर रागव, हवं तेवढं रागव. पण शुद्धीवर येऊन रागव.

तुला तोंड दाखवायला लाजणारी,
चिमी