आखूड बोटं

पप्पा, सलाम.

रविवारी मंडळीत वाचायला सुवार्तेची बातमी पाठव म्हणालात. ऐका. बेंबळीत भागवत नावाच्या मेंढपाळानं आमची प्रचाराची गाडी अडवली, गीतांची पुस्तकं हिसकावली. "बाटवायला आलात व्हय आमाला?"

तेवढ्यात त्याची आई, हरणाबाई, धावत आली. मेंढी विताना अडली होती, अन् कुणाचाच हात आत जाईना. तिनं माझे हात बघितले अन् मला ओढतच नेलं.

ज्या आखूड बोटांना पेटी जमत नाही म्हणून तुम्ही हसायचात, ती मी आत घातली. भागवत डोक्यावर उभा. कोकरू मेलं असतं तर?

ते ओरडलं.

येशूचं नाव आम्ही घेतलंच नाही, म्हणून हे मंडळीत वाचायला पाठवत नाही, फक्त तुम्हाला सांगते. भागवतनं मात्र तांब्या आणला, अन् खाली बसून माझे हात धुतले.

तुमची,
रिबका