लंगोट सहा, कंगवा एक

२३ मे १९४२, शनिवार
आज पुन्हा पकडलं! भाजीच्या रांगेत. समोरच्या घरातल्या तानिगुचीवहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं जाहीर केलं — "या वाघाच्या वर्षातल्या बरं का!" झालं. सात बायका, सात पट्टे, सात सुया. शिपायाच्या पोटाला बांधायचा हा पट्टा. हजार बायकांनी त्यावर एकेक लाल गाठ मारायची. पण वाघाच्या वर्षी जन्मलेलीने वयाइतक्या गाठी मारल्या तरी चालतात. वाघ हजार कोस जातो आणि हजार कोस परत येतो म्हणे. माझं वय त्रेपन्न. सात पट्टे म्हणजे तीनशे एकाहत्तर गाठी! माझा नंबर लागला तेव्हा मुळा संपला होता.

लग्नाच्या वेळी हाच वाघ आडवा आला होता. "नवऱ्याला खाईल" म्हणून चार स्थळांनी पाठ फिरवली. त्यात मी तोक्योच्या कॉलेजात शिकलेली — म्हणजे वाघ तो वाघ, वर चष्मा लावलेला! आता तोच वाघ देशाच्या कामी आला आहे. छान.

२६ मे, मंगळवार
दोन्ही पोरं जेवून गेली — आमचा गेनसाकु आणि वहिनींचा कात्सुमी. दोघे एकाच जहाजावर, विमानं दुरुस्त करतात. उद्या निघणार. कुठे, ते सांगायचं नाही. जहाजाचं नावही घ्यायचं नाही. न्हाव्याने मात्र जहाजाचं नाव घेऊन दोघांना विचारलं म्हणे, "यंदा किती दिवसांनी केस कापायचे?" आमच्या या नौदलाच्या कुरे गावात गुपित फक्त पोलीस चौकीला माहीत नसतं.

कात्सुमीची बडबड चालूच. "काकू, तुमचा मुलगा रात्री पान्यांना पांघरूण घालून निजवतो!" गेनसाकु म्हणाला, "म्हणूनच माझे पाने सापडतात. तुझे मीच शोधतो." खरं आहे. गेनसाकुने जन्मात काही हरवलेलं नाही. शाळेतली पट्टीसुद्धा अजून कपाटात आहे. हे मात्र माझ्यावर गेलं.

कात्सुमीने माझ्या वाट्याचा मासाही खाल्ला. मी रागावले. तो हसला.

११ जून, गुरुवार
काल रेडिओवर मोठा विजय. शत्रूची दोन विमानवाहू जहाजं बुडाली; आपलं एक गेलं, एकाला मार बसला. गल्लीत झेंडे. वहिनी धावत आल्या. "आपल्या पोरांचं नव्हे हो ते, बाई!"
"तुम्हाला कसं कळलं?"
"आईला आतून कळतं."
म्हटलं, "आईला आतून कळत असतं, तर नौदलाने बिनतारी यंत्रं कशाला घेतली असती? दहा आया बसवल्या असत्या!"
रागावल्या. पण उठल्या नाहीत. लोणच्याची अख्खी वाटी संपवून मगच गेल्या.

२ जुलै, गुरुवार
पत्र नाही.

१९ जुलै, रविवार
शेजारमंडळाची आग विझवण्याची कवायत. वहिनी मंडळाच्या प्रमुख, त्यामुळे शिट्टी त्यांच्या तोंडात. बादल्या हातोहात देत आम्ही अर्ध्या तासात शिंप्याचं घर वाचवलं. त्याला आग लागलेलीच नव्हती. फक्त शिंपी भिजला.

पत्र अजून नाही. वहिनींनी कात्सुमीला सातवं पत्र टाकलं. मी टाकलेली मोजत नाही.

८ ऑगस्ट, शनिवार
आलं! गेनसाकुचंच अक्षर. क्यूशूहून, कुठल्याशा तळावरून. चार ओळी, त्यातली एक सेन्सॉरने काळ्या शाईने खोडलेली. प्रकृती ठणठणीत. कामाची जागा बदलली आहे. पुढील वस्तू पाठवाव्यात — लंगोट सहा, बनियन चार, दाढीचं सामान, कंगवा एक, सुईदोरा, फाउंटन पेन, नावाचा शिक्का, चष्म्याची डबी.

वा रे वा! जन्मात काही न हरवणारा मुलगा, आणि आता अंगावरच्या लंगोटापासून सगळं गायब! काय केलंस काय, मेल्या — जहाज बुडवून आलास की काय?

— वरचं वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

९ ऑगस्ट, रविवार
यादी पुन्हा वाचली. असं सगळं एकदम कोणी हरवत नाही. पेटीच गेली. पेटी जहाजावर होती.

तो वाचला. आधी तेच लिहिते. तो वाचला, वाचला, वाचला.

आणि कात्सुमीबद्दल एक अक्षर नाही. आजवरच्या प्रत्येक पत्रात असायचं — कात्सुमीने माझे मोजे घातले, कात्सुमी घोरतो, कात्सुमीच्या आईला सांग तो नीट जेवतो. खोडलेली ओळ उजेडासमोर धरली. काही दिसत नाही.

वहिनींना सांगायचं? काय सांगायचं? की लंगोटांवरून मी जहाज बुडवलं? उद्या पोलीस दारात येतील, पहिले त्यांच्या आणि मग माझ्या. आणि चूक निघाली तर? कात्सुमी कुठे दवाखान्यात असेल. हात भाजला असेल, लिहिता येत नसेल. मी गप्प राहणार. ठरलं.

११ ऑगस्ट, मंगळवार
कापड कूपनशिवाय मिळत नाही, आणि कूपनवर शेजारमंडळाच्या प्रमुखांचा शिक्का लागतो. म्हणजे जावं लागलंच.

"किती वार?" वहिनींनी विचारलं. "काय काय शिवायचंय? यादी दाखवा."

आणि मी शहाणी! कापडापुरतं वेगळ्या कागदावर लिहून न्यायचं, तर पार्सलची सगळी यादीच त्यांच्या हातात दिली.

"सहा लंगोट!" वहिनी खदखदून हसल्या. "बाई, मुलगा नौदलात आहे की सुमोच्या आखाड्यात?"
"जुने विरले म्हणतो."
"सहाच्या सहा?" हसतच पुढे वाचत होत्या. बनियन. दाढीचं सामान. मग बोट कंगव्यावर थांबलं. तिथून खाली सावकाश गेलं. यादी छोटी होती, त्यांना वाचायला फार वेळ लागला.

"पत्रात आमच्या कात्सुमीचं काही लिहिलंय का?"
"लिहिलंय. मजेत आहे म्हणतो."

तीस वर्षं शाळेत शिकवलं; खोटं बोलणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं केलं. मला उभं करायला कोणी नाही.

त्यांनी शिक्का मारला. म्हणाल्या, "कापड माझ्याकडे आहे. तुमची शिवण वाकडी असते, बाई. मीच शिवते." नेहमीसारखंच म्हणाल्या. काही कळलेलं दिसत नाही. नसावंच.

१४ ऑगस्ट, शुक्रवार
वहिनी दारातूनच गेल्या, आत आल्या नाहीत. घड्या घातलेले सहा लंगोट माझ्या हातात ठेवले आणि म्हणाल्या, "आमच्या कात्सुमीने अजून काहीच मागवलेलं नाही, बाई."