खरवडलेली भिंत

ड्रमकोरा, काउंटी रॉसकॉमन
१० सप्टेंबर १९७९

ति. ऊनाताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. लीड्सचा चहा पाणचट म्हणून ती कुरकुरते, म्हणजे प्रकृती ठीक आहे.

आता एक गुपित. तिच्या कानावर घालू नकोस, तुला माझी शपथ. ऑक्टोबरअखेर मिस्सेची पाळी आपल्या घरी आहे. दहा-बारा वर्षांनी एकदा येते. फादर हेनेगन आपल्या स्वयंपाकघरात मिस्सा म्हणणार, सगळी आळी प्रार्थनेला गुडघे टेकणार, मग चहा नि हॅम. दर पाळीला बाबा भिंतींना चुना मारायचे, आठवतं? मी म्हटलं, या वेळी कायमचं काहीतरी करावं. गॉलवेला एक पब पाहिला. गिलावा काढून आतला दगड उघडा ठेवलाय, प्रवासी थांबून फोटो काढतात. मीही छिन्नी-हातोडा घेतला. रस्त्याकडची भिंत झालीसुद्धा! काय दगड आहे गं! पणजोबांनी तो का झाकला, देव जाणे. शेजारची टेसी गॅफ्नी समोरच्या पंपावर बादली भरताना बघत राहिली आणि बादली उचलून गेली. जळत असणार.

लोभ आहेच, आई आल्यावर दुप्पट होईल.
तुझा फर्गल

लीड्स
१७ सप्टेंबर

चि. फर्गलला अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, तिला एका शब्दाने विचारायचंस तरी! आपल्याकडे उघडा दगड कशाचा असतो? गोठ्याचा. लहानपणी कोपऱ्यावरच्या घराचा गिलावा पडला, तेव्हा त्या लोकांकडे काय वेळ आली म्हणून आई हळहळली होती. विसरलास? आणि मीही शहाणीच. तुझं पत्र वाचून आधी मला वाटलं, छान दिसत असेल. मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

काल ती विचारत होती, फर्गलने चुना भिजवला असेल ना? मी शपथेने बांधलेली, भांडी घासत राहिले. शनिवारच्या बोटीने ती निघते. आता तिला लांबचंही स्वच्छ दिसतं, हीच पंचाईत आहे. काही करता आलं तर कर.

रागावले आहे, पण तुझीच
ऊना

ड्रमकोरा
३० सप्टेंबर

ति. ताईस सा. न.

कसं लिहू, हात उचलत नाही.

आई पंपापाशी बसमधून उतरली आणि तिथेच उभी राहिली. पेटी खाली ठेवली. मला विचारलं, कालवड स्वयंपाकघरात बांधणार आहेस की निजायच्या खोलीत? एवढंच. मग पुढच्या दाराने आलीच नाही, बोळातून मागच्या दाराने आली. तेव्हापासून पुढच्या दोन फळ्यांच्या दाराची वरची फळीसुद्धा उघडलेली नाही. भरदुपारी दिवा लावून बसते.

पाऊस झाला आणि भिंत आतून पाझरली. तिचा पलंग चुलीजवळ सरकवला. गवंडी म्हणतो, आता थंडी पडेल, चुना धरायचा नाही, एप्रिलशिवाय गिलावा नको. फादरना तिने कळवलं, मिस्सा गॅफ्नींकडे करा. मी हातापाया पडलो. म्हणाली, पुढची पाळी ती कबरस्तानातून बघेल. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे गं ती. इतकी वर्षं या दिवसाची वाट बघत होती, आणि मी स्वतःच्या हाताने तो खरवडून काढला. शरमेने पंपावरसुद्धा जात नाही मी.

लोभ मागायलाही तोंड नाही.
फर्गल

ड्रमकोरा
२९ ऑक्टोबर

ति. ऊनाताईस सा. न.

मिस्सा झाली. आपल्याच घरी!

झालं असं. गेल्या आठवड्यात आई पिठाला दुकानात गेली. तिथे कुणीतरी मला गोठेवाला म्हणालं आणि हशा पिकला. दुकानदार मला सांगत होता, ती पीठ न घेताच बाहेर पडली. तडक फादरकडे जाऊन म्हणाली, पाळी आमची आहे, आमच्याकडेच होईल. घरी येऊन पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि मला पितळेच्या मेणबत्तीदाण्या घासायला बसवलं.

काल सकाळी ती चांगला कोट घालून त्या नागड्या भिंतीपाशी उभी राहिली. येणारा प्रत्येकजण भिंतीकडे बघे नि नजर चुकवी. आणि कुणी विचारायच्या आत आईच सांगे, की हे तिने स्वतः करवून घेतलं. फर्गल नको नको म्हणत होता, पण तिने हट्टच धरला. प्रत्येकाला, ताई. फादरनासुद्धा. मिस्सेच्या दिवशी, उंबऱ्यावर उभं राहून! मी तिच्या मागे लोकांचे कोट घेत उभा होतो. सांगावं की माझं काम आहे, पण जीभच उचलली नाही. बेचाळीस वर्षांचा बाप्या मी, मागच्या अंगणात जाऊन रडलो.

रात्री कपबशा विसळताना म्हटलं, आई, माझ्यासाठी तू खोटं बोललीस. ती म्हणाली, बशा नीट पूस.

आता खाली तिलाच चार ओळी लिहायच्या आहेत. लोभ असू दे, मी कसाही असलो तरी.
फर्गल

ता. क. चि. ऊनास आईचे आशीर्वाद. एप्रिलमध्ये रजा काढून ये. चुना मी भिजवीन, पण शिडी धरायला माणूस हवं. आणि टेसीला पत्र लिहिशील तेव्हा सांभाळून लिही. गॉलवेचा तो पब मीच आत जाऊन पाहिला, असं मी तिला सांगितलंय.