वस्तीची विहीर धुराडे नसल्याबाबत

प्रति,
मा. उत्सर्जन तपासणी अधिकारी,
विभागीय वायू तपासणी कक्ष, परभणी.

विषय: वस्तीची विहीर 'विनापरवाना उत्सर्जन केंद्र' ठरवून बंद करण्याची नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ: आपली नोटीस, जी विहिरीच्या कठड्याला चिकटवण्यात आली.

महोदय,

अर्जदार कुसुमबाई नागनाथ खिल्लारे, निवृत्त अंगणवाडी सेविका, रा. बोरी शिवार, ता. जिंतूर, विनयपूर्वक कळवते की, नोटीस विहिरीच्या नावे असली तरी विहिरीला वाचता येत नसल्याने ती अर्जदारास वाचावी लागली.

शिवारालगतच्या नैसर्गिक वायू प्रकल्पाच्या धुराड्यातून पूर्वी नको असलेला कर्बवायू वर जात असे. आता तो नळीने जमिनीत दाबला जातो. खोल, कोरड्या, बंद खडकात दाबलेला वायू तिथेच राहतो, असे प्रकल्पाच्या साहेबांनी ग्रामसभेत पडद्यावर चित्र दाखवून सांगितले. चित्रातला खडक फार चांगला होता. त्याविषयी अर्जदाराची काही तक्रार नाही.

अडचण अशी की, ठरलेल्या जागेच्या वाटेत दत्तरावांचा ऊस उभा होता. गाडी जाईना. तेव्हा बोअरच्या ठेकेदाराने धंद्याच्या रिवाजाप्रमाणे पाणाड्याला बोलावले. आपल्या भागात पाणाड्याने जागा दाखवल्याशिवाय बोअरची गाडी उभी राहत नाही, मग बोअर कशासाठी का असेना. परमेश्वर पाणाडी तळहातावर नारळ आडवा धरून शिवारभर हिंडला आणि नारळ उभा राहिला तिथे त्याने खूण केली. कोरडा खडक हवा होता, त्याने शिवारातला सर्वांत चांगला झरा काढून दिला. पाणी लागताच ठेकेदाराने सवयीने मशीन थांबवले आणि पेढे वाटले. अर्जदारानेही एक खाल्ला. परमेश्वरला जाब विचारला तर तो म्हणतो, "मला म्हणले जागा दाखीव. मी लय चांगली दाखिवली. आत काय घालायलेत ते मला कोन सांगतंय?" त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. तोच झरा आमच्या विहिरीला येतो.

प्रकल्पाने त्याच बोअरमध्ये वायू दाबायला घेतला, तेव्हापासून विहिरीत सारखे बुडबुडे येतात आणि पाणी जिभेला चुणचुणते. मोटार बिघडली म्हणून अर्जदाराचा मुलगा सिद्धोधन आत उतरायला निघाला. उतरण्याआधी परडीतून पेटता दिवा खाली सोडून पाहण्याची आमची रीत आहे. दिवा अर्ध्यावरच विझला. दुसरा सोडला, तोही विझला. ही रीत नसती तर आजचा अर्ज मृत्यूच्या दाखल्यासाठी लिहावा लागला असता. अर्जदाराला अजून त्या विचाराने झोप येत नाही.

आपले निरीक्षक येऊन गेले. विझलेला दिवा पाहून "वारा असेल" म्हणाले. मग त्यांनी यंत्र लावले. धुराड्यावर काटा हलेना आणि आमच्या विहिरीवर तो पार टोकाला गेला. त्यावरून प्रकल्पाला स्वच्छ हवेचे प्रशस्तिपत्र मिळाले आणि विहिरीला नोटीस. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण अर्जदाराने अंगणवाडीत कधी शिकवली नाही, मुले लहान असत.

उत्सर्जन तत्काळ न थांबवल्यास विहिरीवर सिमेंटचे झाकण टाकू, असे नोटिशीत आहे. वायू थांबवण्याचा आपल्याला पसंत असलेला एकच उपाय अर्जदाराला ठाऊक आहे, तो म्हणजे जमिनीत दाबणे. परंतु खाली प्रकल्पाने आधीच जागा धरली आहे. तरी आमचा वायू कुठे दाबावा, याचे लेखी मार्गदर्शन व्हावे.

महोदय, थट्टा इथे संपली. ही विहीर अर्जदाराच्या सासऱ्यांनी आणि वस्तीतल्या माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आपल्या हातांनी खोदली. त्याआधी वरच्या गावच्या विहिरीशी हंडा खाली ठेवून, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून आमच्या बाया ताटकळत बसत. आता विहीर नासल्यामुळे प्रकल्पाचा टँकर येतो आणि तो वरच्या गावात उभा राहतो. काल सून सुकेशनी हंडा घेऊन गेली. "थांब गं, आधी गावाचं होऊ दे," असे तिला ऐकवण्यात आले. ती थांबली. घरी येऊन तिने हंडा खाली ठेवला. अर्जदाराला याचा संताप आला आहे. तो आपल्या कोणत्या कलमात बसतो ते पाहावे.

सबब विनंती की, झाकण टाकायचेच तर ते प्रकल्पाच्या बोअरवर टाकावे आणि आमचे पाणी आम्हाला परत मिळावे. तरीही विहिरीकडेच माणसे पाठवायची असतील, तर त्यांना आधी सांगून ठेवावे की वस्तीतल्या सगळ्या बाया कठड्यावर बसलेल्या असतील, आणि सर्वांत पुढे सुकेशनी असेल.

आपल्या येण्याची वाट पाहणारी,
(सही)
कुसुमबाई नागनाथ खिल्लारे
बोरी शिवार, दि. २ फेब्रुवारी

सोबत: १) नोटीस, कठड्यावरून खरवडून काढलेली.
२) विहिरीच्या पाण्याची बाटली. साहेबांनी स्वतः पिऊन अभिप्राय द्यावा.