सर्जनचा हात

रविवार, धरणगाव

आज पुन्हा आबांवर चिडले. पाय मुरगळलेला माणूस ओट्यावर बसलेला, आणि हे एरंडेल तेल कोमट करतायत! एक्स-रे काढायला पाठवा म्हटलं. मी जळगावला सर्जरी शिकते आणि बाप घरी पाय चोळून देतो, हे हॉस्टेलात कधीच सांगितलं नाही. का?

माणूस गेल्यावर वाईट वाटलं. म्हटलं, "आबा, सर्जन शब्द मूळचा ग्रीक. हातानं काम करणारा, एवढाच अर्थ. सांधे बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टरच्या नावातही तोच हात."

आबांनी माझा हात हातात घेतला. "थंडा शे तुन्हा हात. पेशंटले लावाना पहिले चोळीसन गरम करी लेत जाय."

वॉर्डात मी हात लावला की पेशंट दचकतात. मला वाटायचं, दुखतंय म्हणून.