तपासलेलं, निरोगी

४ फेब्रुवारी
रक्तपेढीचं रक्त आलंच नाही! सुट्ट्या जोडून. प्रयोगशाळेत बाटल्यांत वाढवलेले मलेरियाचे परजीवी थांबतात होय? त्यांना दर दोन दिवसांनी ताज्या लाल पेशी लागतात. बाटल्या धुणाऱ्या मावशी तर रोज विचारतात, "तुमची पोरं जेवली का?"
शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडून माझंच रक्त काढून घेतलं. नियम आहे — आधी तपासायचं, मग वापरायचं. पण मला काय झालंय? धडधाकट आहे! चिठ्ठीवर लिहिलं: तपासलेलं, निरोगी.
एवढंसं खोटं.

९ फेब्रुवारी
नव्या बाटल्यांमधले परजीवी मेले. सगळे.

१२ फेब्रुवारी
पुन्हा मेले. बैठकीत सरांनी विचारलं, "यावेळी वेगळं काय केलंत?" मला रक्त आठवलं. तोंडातून मात्र निघालं — "बाटल्यांत साबण राहत असेल, सर."
मावशी ट्रे घेऊन दारातच उभ्या! "अठरा वर्षं धुतेय, बाई. तीन पाणी साधी, दोन गाळलेली. साबणाचा थेंब दाखवा, पिऊन दाखवते!"
सगळे हसले. मीही हसले.
उद्यापासून मावशींनी बाटल्यांना हात लावायचा नाही. महिनाअखेरीला त्यांचं काम बंद.

१३ फेब्रुवारी
आईचा फोन. नेहमीचंच — "गार पाण्यात हात घालून बसू नकोस." ताई सात वर्षांची असताना गेली. मी तेव्हा तान्ही. तिचे हातपाय इतके दुखायचे म्हणे, की कुणाला हात लावू द्यायची नाही. डोळे पिवळे पडायचे. आजीनं ठरवून टाकलं, आईनं तिला गार पाण्यात खेळू दिलं म्हणून हे झालं. आईनंही मानलं. अजून मानते.
"तू शिकलीस. तुझ्या हातून अशा चुका नाही व्हायच्या," म्हणाली.
बाबांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय. घरातलं पहिलंच. त्याच्याकडे बघवणार नाही मला.

१७ फेब्रुवारी
पेढीचं रक्त आलं. मावशींनी धुतलेल्या चार बाटल्या कपाटात उरल्या होत्या. दोन बाटल्यांत पेढीचं रक्त घातलं, उरलेल्या दोन्हींत माझं. कुणाला सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी
पेढीच्या रक्तात पोरं मजेत. माझ्या रक्तात मेलेली. बाटल्या त्याच!
मावशी जिन्यात भेटल्या. लांब दांड्याचा ब्रश माझ्या हातात दिला. "तुम्हीच ठेवा. घरी कशाला लागतोय." मग म्हणाल्या, "राग नाही हं, बाई. राहिलंही असेल माझ्या हातून काही."
त्यांच्या हातून! तेव्हाच बोलायला हवं होतं. ब्रश घेऊन तशीच वर आले.

२० फेब्रुवारी
माझं रक्त तपासलं. नळीतलं द्रावण गढूळ; मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनात. पक्क्या चाचणीतही तेच — सिकलसेल, आईबापांकडून येणारा लाल पेशींचा दोष. मला आजार नाही. एक जनुक सदोष, दुसरं चांगलं. पण बाटलीतल्या कमी ऑक्सिजनमध्ये अशा पेशींत मलेरियाचे परजीवी तग धरत नाहीत. परीक्षेत पानभर लिहिलं होतं मी हे!

२१ फेब्रुवारी
सरांना सगळं सांगितलं. "न तपासता वापरलंस, ती चूक," ते म्हणाले. "मावशींवर ढकललंस, त्याला काय म्हणू?"
मावशी सोमवारपासून परत. मी तीन महिने प्रयोगाबाहेर. कमीच आहे.
ब्रश घेऊन त्यांच्या घरी गेले, माफी मागितली. मावशी ब्रशचे केस बोटांनी सरळ करत राहिल्या. "मला माझेच हात खोटे वाटायला लागले होते, बाई."
घरी येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. आईचे हात आठवत होते.

२२ फेब्रुवारी
माझ्यात एक सदोष जनुक. ताईत दोन असणार — एक आईचं, एक बाबांचं. दुखणारे हातपाय, पिवळे डोळे. जन्मापासूनच.
आईला फोन लावला. सगळं समजावलं. "पाण्यानं नाही होत गं हा आजार. तू काही केलं नव्हतंस."
पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज. मग —
"पुन्हा सांग."